वाकुर्लीची वही परत मिळणेबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
विशेष वारस पडताळणी कक्ष,
विश्रामबाग, सांगली.

अर्जदार : श्रीमती रेणुका गुंडा हेळवी, वय ४९, धंदा : वंशावळ संशोधन व वहीवाचन, रा. सांगली.

विषय : मौजे वाकुर्ली येथील त्रेचाळीस घरांची मूळ वही निंदणीकरणात न काढता अर्जदारास परत मिळणेबाबत, तसेच आदेशातील "सदर महिला वंशावळीच्या कामात अप्रशिक्षित आहे" हे वाक्य रद्द होणेबाबत.

संदर्भ :
१) आपला आदेश दि. १८ नोव्हेंबर २०२४, परिच्छेद ७ व ९.
२) आपले पत्र दि. २० ऑगस्ट २०२५.
३) आपल्या कक्षाची पोच दि. १२ मार्च २०२४ ("जुने पुस्तक, १ नग").

महोदय,

१. आपल्या दारावरच्या फलकातील चौथ्या सूचनेप्रमाणे अर्जात "मी" आणि "माझे" हे शब्द चालत नाहीत, "अर्जदार" असेच लिहावे लागते. याच कारणावरून अर्जदाराचे दोन अर्ज न वाचता परत आले. हा तिसरा. सूचनेचा मान राखून अर्जदाराने स्वतःवर गुदरलेली हकीकत परक्या बाईची सांगावी तशी खाली सांगितली आहे. अर्ज लांबला आहे याची अर्जदारास जाणीव आहे. परंतु आपण आदेशात तिच्या शिक्षणाविषयी एका ओळीत निकाल दिला, आणि ती ओळ खोडायला एवढा कागद लागतो, त्याला अर्जदाराचा इलाज नाही.

२. अर्जदार जातीने आणि धंद्याने हेळवी आहे. हेळवी म्हणजे नेमून दिलेल्या गावांतील घराण्यांच्या वंशावळी वहीत राखणारा, आणि सुगी झाली की बैल घेऊन दारोदार जाऊन त्या वाचून दाखवणारा व त्याबद्दल धान्य-लुगडे घेणारा. अर्जदाराचे वडील गुंडा यल्लाप्पा हेळवी यांच्याकडे शिराळ्याच्या बाजूची आणि कुंडलच्या बाजूची मिळून अकरा गावे होती. त्यांना मुलगा नव्हता. भाऊबंद म्हणाले, वह्या पुतण्याला द्या, पोरगी काय बैलामागं फिरणार? गुंडा म्हणाले, "माजी पोरगी फिरंल न्हाईतर वह्या नदीत सोडीन." तेव्हा अर्जदार नऊ वर्षांची होती. त्या सुगीपासून ती बैलामागे चालू लागली.

३. आदेशात "प्रशिक्षण" हा शब्द आल्यामुळे ते कसे झाले ते सांगणे भाग आहे. पहिली चार वर्षे अर्जदारास वहीला हात लावू दिला नाही. फक्त ऐकायचे आणि रात्री जेवणाआधी म्हणून दाखवायचे. सात पिढ्या वरून खाली, मग खालून वर. ज्या घरात आजोबाचे नाव नातवाला ठेवतात तिथे एकाच नावाची तीन-तीन माणसे निघतात. त्यावर वडिलांनी सांगितलेली युक्ती आजवर कुठल्या पुस्तकात अर्जदारास सापडली नाही. ते म्हणत, "नावाच्या मागं लागू नगंस. त्येंच्या बायकांची म्हायारं इचार. माणूस एकवेळ नाव बदलंल, पर बायकूचं म्हायार न्हाई बदलत." दुसरे असे, की दारात उभे राहून "कोण मेलं" असे विचारायचे नाही. "आता घरात कोण कोण न्हाई" असे विचारायचे. बाई मग स्वतःच डोळ्याला पदर लावून सांगते, आणि न विचारलेली दोन नावे जास्त सांगते.

४. चौदाव्या वर्षी वाकुर्लीच्या देवळाच्या पारावर वडिलांनी गाव जमवले, वही मिटून मांडीखाली घेतली आणि अर्जदारास त्रेचाळीस घरे तोंडाने म्हणायला लावली. बेचाळीस झाली. एक राहिले. ते होते गावकुसाजवळच्या एका विधवा बाईचे, जिच्या घरात पुरुष उरला नव्हता. वडिलांनी लोकांसमोर शब्द काढला नाही. पोरीला हाताला धरून त्या बाईच्या दारात नेले, पाया पडायला लावले आणि म्हणाले, "आक्का, हिनं तुमास्नी इसारलं." महोदय, ही अर्जदाराची परीक्षा. हिचे प्रमाणपत्र मिळत नाही.

५. जी मिळतात ती अशी. अर्जदार बाहेरून परीक्षा देऊन इतिहास विषयात पदवीधर आहे. सांगलीत निवृत्त शिक्षक भूपाल मगदूम सरांकडे सहा महिने बसून ती मोडी शिकली. सर रोज पहिल्या ओळीला हातातली पट्टी टेबलावर आपटत आणि म्हणत, "अक्षर ओळखू नका, हात ओळखा." तेव्हापासून एका घरच्या दोन पिढ्यांचे लेखन अर्जदार वळणावरून वेगळे काढते. वह्यांतले जुने लेखन कानडी लिपीत आणि मराठी भाषेत आहे, कारण आजोबांना कानडी अक्षरे येत होती आणि गावे मराठी होती. काजळ-डिंकाची घरगुती शाई आणि दुकानची निळी शाई दमट हवेत कशी वेगवेगळी पसरते हे तिला कळते. कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, फेरफार, जुनी हक्कपत्रके ती वाचते. गेल्या बारा वर्षांत तिने दोनशेवर घराण्यांच्या वंशावळी कागदोपत्री ताडून संगणकावर मांडून दिल्या आहेत. त्यांपैकी काही माणसे परदेशात आहेत, बरीचशी फौजेत. अकरा वह्यांपैकी नऊ वह्यांची पानेपाने तिने फोटो काढून जपली. दहावी अर्धी झाली होती. अकरावी वाकुर्लीची. तिची पाने इतकी ठिसूळ की ती उलटायला उन्हाळ्याचे कोरडे दिवस हवेत, म्हणून अर्जदाराने ते काम पुढे ढकलले. ही चूक आपल्या कक्षाची नव्हे, अर्जदाराची आहे, आणि ती तिला रोज खाते.

६. आता प्रकरण. वाकुर्लीचे रावजी किस्ना सावळे यांना दोन अपत्ये : मुलगा तातोबा, आणि त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटी मुलगी चंद्राबाई. चंद्राबाईचे लग्न कुंडलच्या पांडुरंग जाधवांशी झाले. मूलबाळ होण्याआधीच नवरा आजारात वारला. सासरच्यांनी ठेवले नाही. तातोबाने बहिणीला बैलगाडीत घालून माघारी आणले आणि तेव्हापासून पन्नास वर्षे ती त्या घरात राबली. तातोबाची पाच पोरे तिने अंगाखांद्यावर वाढवली. त्यातला थोरला मानसिंग, जो फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाला, गावात ज्याला आज सगळे दबून असतात. तातोबा २०२१ साली वारला. मानसिंगरावांनी वारस नोंदीसाठी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र केले, त्यात रावजींना एकच अपत्य दाखवले. चंद्राबाई नाहीच. मेलेली नाही, वाटणी सोडलेली नाही, जन्मालाच आलेली नाही.

७. हे तिला कळले ते तलाठ्याच्या चावडीत. अक्षर येत नसल्याने तिने शेजारच्या पोरीकडून सातबारा वाचून घेतला. दुसऱ्या दिवशी दोन एस.ट्या बदलून ती अर्जदाराच्या घरी सांगलीत आली, उंबऱ्यातच बसली आणि म्हणाली, "रेणुका, माज्या बानं मला जलमाला घातलं न्हाई म्हणत्यात. मग मी कुटनं आलो गं?" अर्जदाराने चहा ठेवला. तो निवून गेला. मग अर्जदाराने विचारले की आक्का, तुला नक्की काय पाहिजे, नाव की जमीन? कारण दोन्हीचे कागद वेगळे लागतात. म्हातारी ताडकन म्हणाली, "दोनी पायजेत. नाव बी आन् रान बी. का नगं? त्या रानात मी पन्नास वरसं भांगलण केली."

८. चंद्राबाईच्या आधारकार्डावर नवऱ्याचे नाव. शाळेत ती गेली नाही. जन्माची सरकारी नोंद शोधायला अर्जदार कोतवाल बुकांमागे लागली, आणि इथे नशीब आडवे आले. चंद्राबाईचा जन्म १९४९ च्या श्रावणातला. त्याच सुमारास सातारा जिल्हा फुटून दक्षिण सातारा झाला, जो पुढे सांगली म्हणून ओळखला गेला. वाटणीत दप्तरे इकडची तिकडे गेली. वाकुर्लीचे त्या सालचे पुस्तक अर्जदाराने साताऱ्यात चार फेऱ्या मारून आणि सांगलीत सात फेऱ्या मारून शोधले. ना इकडे, ना तिकडे. राहिली फक्त अर्जदाराच्या आजोबांच्या हातची वही. त्यात सावळ्यांच्या पानावर लिहिले आहे : "शके १८७१ श्रावण शुद्ध ८, रावजी किस्ना सावळे यास लेक झाली. नाव चंद्रा. मागं भाऊ तातोबा, वय तीन. लुगडं व जोंधळं दिलं."

९. चंद्राबाईच्या हरकतीवर दि. १२ मार्च २०२४ रोजी आपल्यासमोर सुनावणी झाली. अर्जदार वही फडक्यात बांधून मांडीवर घेऊन बसली होती. मानसिंगराव उभे राहून मोठ्याने म्हणाले, "सर, ती आमच्या आजीच्या दुधावर वाढलेली, कुणाचीतरी टाकलेली पोर. आमी सांभाळली, आता आमच्याच अंगावर आली." चंद्राबाई दोन खुर्च्या पलीकडे होती. ज्याला तिने न्हाऊमाखू घातले त्याच्या तोंडून हे ऐकून तिने मान वर केली नाही, नुसते गुडघ्यावरचे लुगडे चिमटीत धरून सरळ करत राहिली. गावातले सर्वांत वडील केरबा, आज वय ९०, साक्षीला होते. चंद्राबाईच्या बारशाला ते चौदा वर्षांचे होते आणि घुगऱ्या खाऊन आले होते. ते आपल्यासमोर म्हणाले, "साहेब, मला आठवत न्हाई." केरबांचा ऊस मानसिंगरावांच्या शब्दाशिवाय कारखान्याला वेळेवर जात नाही, हे तिथल्या शिपायालाही ठाऊक होते.

१०. मग अर्जदाराने वही उघडली. आपण ती न वाकता, खुर्चीतूनच पाहिली आणि विचारलेत, "हे काय, भविष्य सांगायचं पुस्तक आहे का?" अर्जदाराने ती काय आहे ते सांगितले. तेव्हा आपण म्हणालात, "म्हणजे बैल घेऊन दारात येतात ते तुम्ही? मग बैल कुठे लावला? खाली पार्किंगमध्ये?" कक्षात हशा झाला. मानसिंगरावही हसले. हे आपल्या लक्षात राहिले नसेल म्हणून अर्जदार लिहीत आहे. तिच्या पूर्ण लक्षात आहे : कोण कोण हसले, कुठल्या टेबलावर बसून हसले, आणि दोघे हसले नाहीत तेही.

११. पडताळणीसाठी म्हणून वही आपण ठेवून घेतलीत. अर्जदाराने विनंती केली की पाने मोजून पोच द्यावी, एकशे बारा पाने आहेत, सहा सुटी आहेत. लिपिकांनी लिहिले, "जुने पुस्तक, १ नग." त्यावर आपल्या कक्षाने अर्जदाराकडे पात्रतेचे पुरावे मागितले. तिने मोडीचे प्रमाणपत्र दिले. एक महिन्याने पत्र आले की वही मोडीत नसून कानडी लिपीत आहे, तरी कानडीचा पुरावा द्यावा. अर्जदार जतला गेली, तिथल्या कानडी शाळेच्या हेडमास्तरांसमोर सुनावणीआधी फोटो काढून ठेवलेले सावळ्यांचे एकमेव पान वाचून दाखवले आणि त्यांचा दाखला आणला. त्यावर पत्र आले की लिपी कानडी असली तरी भाषा मराठी असल्याने सदर दाखला गैरलागू आहे. अर्जदाराने पदवीचे कागद दिले. पत्र आले की इतिहास हा विषय वंशावळीशी थेट संबंधित नाही. शेवटी तिने चौकशी केली की मग साहेब, कुठला कागद चालेल? लिपिकांनी फाईल बांधत सांगितले, "शासनमान्य वंशावळतज्ज्ञ असल्याचा." असा कागद कोण देतो, असे विचारता ते म्हणाले, "कोणीच देत नाही."

१२. दि. १८ नोव्हेंबर २०२४ चा आदेश अर्जदाराने आपल्या खिडकीसमोर उभे राहूनच वाचला. परिच्छेद ७ मध्ये अर्जदार अप्रशिक्षित. परिच्छेद ९ मध्ये तिच्या वहीतील नोंद बनावट, कारण "शके १८७१ म्हणजे इसवी सन १८१४ होत असून त्यानुसार श्रीमती चंद्राबाई यांचे आजचे वय दोनशे दहा वर्षे येते, जे विश्वासार्ह नाही." महोदय, आपण शकाच्या आकड्यातून सत्तावन्न वजा केलेत. सत्तावन्न वजा करतात ते विक्रम संवतातून. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवावे लागतात. अर्जदार हे वयाच्या दहाव्या वर्षी बैलाच्या पाठीवर हात ठेवून चालता चालता शिकली. आपल्या कक्षात नऊ माणसे काम करतात, आदेशावर चार सह्या आहेत, आणि एकालाही एक बाई समोर जिवंत बसलेली असताना तिला दोनशे दहा वर्षांची ठरवताना हात थांबवावासा वाटला नाही. हे दुरुस्त करण्यासाठी अर्जदार त्याच दिवशी आपल्या दालनात आली. आपण म्हणालात, "आदेश झालेला आहे. अपील करा." आणि फोन उचललात. फोन वाजला नव्हता.

१३. अपिलाचे कागद जमवत असतानाच, दि. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी चंद्राबाई वारली. तिला ताप होता आणि ती त्याच घरात मागच्या पडवीत होती. आदेश झाल्यावर मानसिंगरावांनी तिला बाहेर काढले नव्हते, हे त्यांच्या बाजूने लिहिणे अर्जदारास आवश्यक वाटते. पण तिच्याशी बोलणे सोडले होते. शेवटचे आठ दिवस मानसिंगरावांची सून साक्षी तिला चमच्याने पेज भरवत होती. अर्जदार पोचली तेव्हा ताटी बांधून झाली होती. पाणी मानसिंगरावांनीच पाजले. डोके त्यांनीच भादरून घेतले. कुणाच्यातरी टाकलेल्या पोरीसाठी कोणी डोके भादरत नाही, महोदय, आपल्या गावातही तशी रीत नसेल.

१४. तिसऱ्या दिवशी मृत्यूची नोंद पाहायला अर्जदार ग्रामपंचायतीत बाकावर बसली होती. मानसिंगराव आत आले. तुळतुळीत डोके, खांद्यावर पांढरा टॉवेल. ग्रामसेवक फॉर्म भरत होते. मृताचे नाव झाले, वय झाले. मग त्यांनी न पाहताच विचारले, "वडिलांचं नाव?" आणि मानसिंगराव एका दमात म्हणाले, "रावजी किस्ना सावळे." बोलून झाल्यावर त्यांची नजर बाकाकडे गेली. ग्रामसेवकांचे पेन थांबले. त्यांनाही प्रकरण ठाऊक होते. मानसिंगराव म्हणाले, "लिवा की. थांबला का?" आणि खाली सही केली, फौजेतल्यासारखी, पूर्ण नावाची. बाहेर पायरीवर ते अर्जदारापाशी थांबले. अर्जदारास वाटले शिवी देतील. ते हळू म्हणाले, "मेल्या माणसाला बाप लागतो, बाई. जित्या माणसाला रान लागतं." आणि निघून गेले. अर्जदार त्यांच्यावर तेव्हाही चिडलेली होती आणि आजही आहे. पण ते वाक्य खोटे नव्हते.

१५. त्या मृत्यू नोंदीचा उतारा अर्जदाराने आपल्याकडे पाठवला. सहा महिन्यांनी, दि. २० ऑगस्ट २०२५ च्या पत्राने आपण कळवलेत : (अ) दावेदार मयत झाल्याने व तिला अपत्य नसल्याने प्रकरण निकाली काढले आहे, (आ) मृत्यूची नोंद हा जन्माचा पुरावा होऊ शकत नाही, (इ) ताब्यातील जुने पुस्तक कोणत्याही वर्गवारीत बसत नसल्याने दि. ३१ डिसेंबर २०२५ रोजीच्या निंदणीकरणाच्या यादीत घेतले आहे. यातील (अ) बद्दल अर्जदार भांडत नाही. मूल नसलेल्या बाईचा बापाकडचा हिस्सा बापाच्याच वारसांकडे जातो, म्हणजे रान मानसिंगरावांचेच राहणार, हे अर्जदारास कायद्याने माहीत आहे. (आ) वाचून ती हसली, आणि तिला स्वतःच्या हसण्याची भीती वाटली. (इ) तिने तीनदा वाचले. निंदणीकरण म्हणजे शेतातले तण उपटावे तसे दप्तरातले नको असलेले कागद काढून लगद्याला पाठवणे. चार पिढ्यांनी पावसात फडक्याखाली धरलेली, पुरात डोक्यावर घेऊन वाहिलेली वही आपल्या कपाटात तण झाली.

१६. यापुढे जे झाले त्यात अर्जदाराचा हात नाही, हे ती शपथेवर सांगते. दिवाळीनंतर ती वाकुर्लीला गेली ती गावाची माफी मागायला, की गावाची वही तिच्या हातून गेली. पारावर वीस-पंचवीस माणसे होती. तिने आदेशातला परिच्छेद ९ वाचून दाखवला. केरबा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "बाई, त्या वहीत माझ्या घरचं पान बी हाय न्हवं?" अर्जदार म्हणाली, आहे, अठरावे. "मग चंद्राचं पान खोटं, तर माझं बी खोटंच की." अर्जदार म्हणाली, आदेशाप्रमाणे पूर्ण वहीच खोटी आहे. केरबा काठी टेकत उठले. ते म्हणाले, "माझा आज्जा, त्येचा बा, समदी खोटी? त्या दिवशी आठवत न्हाई म्हणलो ते माझं चुकलं. मी खाल्ल्यात चंद्राच्या बारशाच्या घुगऱ्या. कुटं सांगायचं, त्या हापिसात? चला, सांगतो." मग एकेक जण पुढे आला. कुणाची आत्या त्या वहीत आहे, कुणाचा पटकीत गेलेला चुलता, जो दुसऱ्या कुठल्याच कागदावर नाही. दत्तक गेलेले एक जण आहेत, त्यांना जन्मदात्या आईचे नाव फक्त त्या वहीतून मिळाले होते. संध्याकाळपर्यंत बेचाळीस घरांच्या सह्या आणि अंगठे झाले. सावळ्यांच्या दारात जायला कोणी तयार होईना, म्हणून अर्जदार एकटी गेली. मानसिंगराव सोप्यात पेपर वाचत होते. त्यांनी तो खाली केला नाही. अर्जदार परत फिरली आणि पाणंदीपर्यंत आली, तोवर मागून साक्षी धावत आली, कडेवर तिचा लहान मुलगा शिवतेज. तिने कागद घेतला आणि पोराच्या पाठीवर ठेवून सही केली. म्हणाली, "मामंजीस्नी ठावं हाय. त्येनीच पेन दिलं."

१७. वरील सर्व पाहता अर्जदाराची मागणी, विनंती नव्हे, पुढीलप्रमाणे. वाकुर्लीची वही, सर्व एकशे बारा पानांसह, मोजून परत करावी. परिच्छेद ७ मधील ते वाक्य काढावे. परिच्छेद ९ मध्ये शकाचा हिशेब चुकला असे लेखी शुद्धिपत्रक काढावे. ते ज्या बाईसाठी काढायचे ती आता वाचू शकणार नाही, तिला तशीही अक्षरे येत नव्हती, तरी काढावे. वरिष्ठांकडे, माहिती अधिकारात आणि पोलिसांत द्यायचे अर्ज टाईप करून तयार आहेत. आपल्या लिपिकांना नमुन्यासाठी लागले तर प्रती मिळतील.

१८. सोमवार दि. १५ डिसेंबर २०२५ रोजी सकाळी अकरा वाजता त्रेचाळीस घरांतील प्रत्येकी एक माणूस, ऊसतोडीचे दिवस असूनही, आपले पान पाहण्यासाठी आपल्या कक्षात येत आहे. बसण्याची आणि पिण्याच्या पाण्याची व्यवस्था करावी. केरबांना जिना चढवत नाही, तेव्हा त्यांचे अठरावे पान वहीसह खाली गेटपाशी आणावे लागेल. वही उघडताना पंखा बंद ठेवावा. पाने वाचू शकेल असे आपल्या कक्षात कोणी नसल्याने ती त्रेचाळीस माणसांना वाचून दाखवण्याचे काम अर्जदार स्वतः करील, आपण समोर बसून ऐकावे. वाचायला अंदाजे साडेचार तास लागतात. मध्ये उठून चालत नाही.

कळावे, आणि वेळेत कळावे.

आपली,
(सही)
रेणुका गुंडा हेळवी
वाकुर्लीसह अकरा गावांची वहीदार

स्थळ : सांगली
दिनांक : २ डिसेंबर २०२५

सोबत :
१) पोच, दि. १२ मार्च २०२४, छायाप्रत.
२) मोडी प्रमाणपत्र, कानडी वाचनाचा दाखला, पदवी, तिन्ही चौथ्यांदा.
३) सावळे घराण्याच्या पानाचा फोटो व त्याचे देवनागरी लिप्यंतर.
४) चंद्राबाईंच्या मृत्यू नोंदीचा उतारा, खबर देणार : मानसिंग तातोबा सावळे, नाते : भाचा.
५) केरबा यांचे नवीन प्रतिज्ञापत्र, अंगठ्यासह.
६) त्रेचाळीस घरांच्या सह्या व अंगठे, पाने ६.